आत्याच्या नावाचा कागद

पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातली शांतता मोडली. तोवर आईची सुरी गाजरावर थांबली होती. दादा शेंगदाणे कुटायचं विसरून खलबत्त्यात बघत बसला होता. आणि माझी लुओलुओ, जिला चार वर्षांच्या आयुष्यात गप्प बसणं कधी जमलेलं नाही, तीसुद्धा माझ्या गुडघ्याला टेकून सगळ्यांची तोंडं निरखत होती. मी एवढंच म्हणाले होते, "उद्या मीपण येणार टेकडीवर."

आईनं झाकण तिरकं केलं, आच कमी केली.

"कुठल्या टेकडीवर?"

"आपल्या."

"आपल्या म्हणजे कुणाच्या? तू आता ल्याओंची. तुझी टेकडी तिकडे, शियामेनला. त्यांच्या कबरी झाडल्यास का?"

"मागच्या रविवारी झाडल्या. सासूबाईंनी ग्रुपवर फोटोसुद्धा टाकलेत. दाखवू?"

"मग झालं तर. उद्या छिंगमिंग. आम्ही वर जाऊन येऊ, तू इथे बसून पोळ्या गुंडाळ. पोरीला खाऊ घाल, तू खा, आणि दुपारच्या बसनं सुखरूप घरी जा."

आमच्याकडे लेक एकदा उजवली की तिनं छिंगमिंगला, पूर्वजांच्या कबरी झाडायच्या सणाला, माहेरच्या कबरीवर झाडू धरायचा नाही. धरला तर भावाच्या घरची बरकत तिच्या पावलांमागून चालत सासरी जाते म्हणतात. पलीकडच्या खोलीत च्याइयू वहिनी पडली होती. तिला सातवा महिना चालू होता. म्हणजे या वर्षी चालत जायला बरकत होतीही भरपूर.

"मी बाबांच्या कबरीला हात लावणार नाही," मी म्हणाले. "आजोबांच्याही नाही. लांब उभी राहीन. मला आत्याकडे जायचंय."

दादानं खलबत्ता जमिनीवर ठेवला. आई पुन्हा गाजर कापायला लागली. खूप बारीक, खूप भराभर.

"तिथे कुणी जात नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच."

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं महिन्यापूर्वी मला एक फोटो पाठवला होता. गावच्या कचेरीनं फलकावर लावलेली सूचना. खाणीच्या वाटेखालचा उतार गावाला लिचीच्या झाडांसाठी हवा आहे. तिथल्या ज्या जागेवर या छिंगमिंगला कागद दिसेल, ती मालकीची. ज्या जागेवर दिसणार नाही ती बेवारस. तिथल्या अस्थी खालच्या रस्त्याकडेच्या सार्वजनिक देवळीत, बाकीच्या बेवारशांबरोबर एकाच खड्ड्यात जातील.

कागद म्हणजे कबर झाडून झाल्यावर तिच्या मातीवर खड्याखाली दाबून ठेवतात तो. पाच रंगांचे तुकडे. लांबून दिसतात, वाऱ्यात फडफडतात. बघणाऱ्याला कळतं, या माणसामागे घर आहे, कुणीतरी येऊन गेलं. आत्याला जाऊन चार वर्षं झाली. एकदाही तिच्यावर कागद पडला नव्हता. कारण बिनलग्नाची मुलगी घराची पूर्वज होत नाही. नवऱ्याचं घर तिला नसतं, आणि बापाचं घर तिला मोजत नाही.

"आई, तिला खड्ड्यात टाकतील."

"ऐकलं. मी बहिरी नाही."

"मग?"

"मग काय! तुझ्या मोठ्या काकांना विचार. घरचे कर्ते ते."

"तुला विचारतेय."

आईनं सुरी ठेवली. हात पुसले. "मला विचारतेस ना? मग ऐक. नणंद लग्न करून जाते. सणाला येते, चार दिवस मिरवते, भावजयीच्या हातचं खाऊन नावं ठेवते आणि जाते. माझी गेलीच नाही. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मिठाची बरणी कुठे आहे ते तिला ठाऊक, मला नाही. छत्तीस वर्षं, बीहुआन. भात किती शिजवायचा ते ती सांगणार. तुला ताप आला की तू तिच्या खोलीकडे पळणार. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बरणी उचलली आणि खिडकीत ठेवली. मुद्दाम. अजून माझा हात जुन्या फळीकडेच जातो."

"ती राहिली म्हणून घर उभं राहिलं, आई."

"तेच! हेच ऐकत आलेय छत्तीस वर्षं!" ती म्हणाली आणि गाजराचा सगळा ढीग एकदम कढईत लोटला.

आईचं खोटं नव्हतं. माझंही नव्हतं.

खाणीत बाबांचा पाय दगडाखाली सापडला तेव्हा आत्या एकोणीस वर्षांची होती. तिचं ठरत आलेलं लग्न होतं, कोळ्यांच्या वस्तीतल्या कुणाशीतरी. तिनं कळवलं, थांबा. ते दोन वर्षं थांबले, मग थांबले नाहीत. बाबांच्या जागी कावड तिनं उचलली. आमच्या गावात बायका दगड वाहतात, त्यात नवल नाही. पण बाकीच्या बायका संध्याकाळी आपापल्या घरी जात, आत्या आमच्या घरी येई. तिच्या उजव्या खांद्यावर कावडीनं घट्टा पडला होता, अंड्याएवढा. लहानपणी मी गाल त्याच्यावर ठेवून झोपत असे. मला वाटायचं सगळ्यांच्याच आत्यांना तिथे उशी असते.

दादानंतर मी झाले, ती नियमाबाहेर. दुसरं मूल. तपासणीला माणसं यायची तेव्हा आत्या मला दगडांच्या पाटीत घालायची, वर पोतं टाकायची आणि कावड खांद्यावर घेऊन त्यांच्या समोरून खाणीकडे चालू लागायची. एका पाटीत मी, दुसरीत तोल साधायला तेवढ्याच वजनाचा दगड. मी मोठी होत गेले तसा दगडही मोठा होत गेला. हे ती हसत सांगायची. "तू रडलीस एकदाच," म्हणायची, "आणि मी त्या साहेबाला सांगितलं, कावड करकरतेय, तेल घालायला झालंय."

तिचं नाव वांगशी. आजोबांनी ठेवलेलं. त्याचा अर्थ होतो, आता आलीच आहे तर वाढवा.

संध्याकाळ व्हायच्या आधी मी दादाच्या दगड कोरायच्या कारखान्यात गेले. अंगणात सिंहांची रांग, डोकी झालेले, पाय न झालेले. भिंतीला टेकवून कबरीचे दगड, छिंगमिंगच्या आधीची गर्दी, सगळ्यांवर ताजी अक्षरं.

"अख्ख्या तालुक्यातल्या मेलेल्यांची नावं कोरतोस," मी म्हणाले. "आणि तिच्या डोक्याशी कोरा दगड."

"काकांनी नको म्हटलं."

"आणि तू ऐकलंस."

दादानं हातातली छिन्नी उलटी-पालटी केली. "मला सांग, कुठल्या ओळीत कोरू? मधल्या ओळीत 'वडील' येतं, नाहीतर 'आई' येतं. डावीकडे मुलं, सुना, नातवंडं. पंचवीस वर्षं हेच कोरतोय. तिच्या डावीकडे कोण?"

"मी."

"तू ल्याओ."

"मग तू."

तो खाली बघत म्हणाला, "शेवटच्या दिवशी काका म्हणाले, बिनलग्नाच्या मुलीचा जीव घराच्या आत जाऊ द्यायचा नाही. मीच तिला उचलून या शेडमध्ये आणलं. इथे, या सिंहाच्या शेजारी खाट टाकली. वजनच नव्हतं गं तिला. तरी मला म्हणते कशी, गुडघ्यात वाकून उचल रे, कंबर जाईल."

तेव्हा मी शियामेनला होते. लुओलुओ बारा दिवसांची होती आणि बाळंतिणीच्या कानावर मरण घालायचं नाही, म्हणून मला महिना भरल्यावर सांगितलं. बाळाला महिना झाला म्हणून वाटायच्या लाल अंड्यांची टोपली घेऊन आई आली होती. अंडी वाटून झाल्यावर सांगितलं.

"दादा, उद्या माझ्याबरोबर ये."

"च्याइयूच्या पोटातल्या बाळाला काही झालं तर?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात काकांची भीती नव्हती, खरी भीती होती. मीही आई आहे. रात्री पोरीचा श्वास ऐकायला उठणारी.

"जिनं मला दोन वर्षं पाटीत लपवलं," मी शेवटी म्हणाले, "ती तुझ्या बाळाचं वाईट करील? तू तिला ओळखत नव्हतास का?"

सकाळी ऊन पडलं होतं आणि समुद्राकडून वारा सुटला होता. आख्खं गाव टेकडीवर. कुणाच्या हातात कोयता, कुणाच्या फावडं. कुणाच्या पाठीवर पोर, पोराच्या हातात फटाके. वहिनी घरी थांबली. गरोदर बाईनं कबरीकडे जायचं नाही. मी आईच्या आणि दादाच्या मागून चालले, एका हातात लुओलुओचा हात, दुसऱ्या हातात माझी स्वतःची टोपली. कागद मी शियामेनहून आणले होते. लुओलुओनं विचारलं होतं, पतंग करायचेत का. मी म्हटलं, जवळजवळ.

मोठे काका आधीच पोचले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, अजून सरळ. खाणीतल्या सुरुंगांनी त्यांचा डावा कान गेला आहे आणि जे ऐकायचं नसेल त्याच्याकडे ते बरोबर डावी बाजू करतात.

आमच्या पूर्वजांची कबर ऐसपैस आहे, घोड्याच्या नालासारखी, पुढे दगडी ओटा. तिचा एक-एक दगड खाणीतून वर चढवला तेव्हा कावडीच्या एका टोकाला बाबांचा मित्र होता, दुसऱ्या टोकाला आत्या. त्या नालाच्या आत आज अकरा माणसं आहेत. ती नाही.

मी ओट्याच्या बाहेर, वाटेवरच उभी राहिले. ते गवत काढत होते, मी बघत होते. आईनं कोंबडी, मासा, डुकराचं मांस मांडलं. दादा डब्यातला लाल रंग घेऊन दगडावरची अक्षरं भरत बसला. दरवर्षी भरावी लागतात. वर्षभरात ऊन त्यांना खाऊन टाकतं. मग त्यांनी उदबत्त्या लावल्या, कागद दाबले, अंडी सोलून टरफलं मातीवर टाकली.

सगळं उरकल्यावर काका माझ्याकडे वळले.

"पोरीला घेऊन उन्हात कशाला उभी? घरी जा."

"काका, मी खाली चाललेय. आत्याकडे."

त्यांनी डावी बाजू केली.

मी उजव्या बाजूला गेले. "आत्याकडे चाललेय, काका. कागद ठेवायला."

आजूबाजूच्या कबरींवरची माणसं फावडी टेकून उभी राहिली. शेजारच्या कबरीवरची एक म्हातारी तर चांगली दगडावर बसली, नाटक बघायला बसावं तशी.

"कोण कागद ठेवणार?" काका म्हणाले. "तू? तू कोण?"

"तिची भाची."

"भाची! भाचीनं कागद ठेवल्याचं ऐकलंयस कधी? आणि लग्न झालेल्या? तुझ्या भावाचं घर धुऊन न्यायचंय का तुला?"

"त्याच्या घरातलं काही न्यायला आले असते तर टोपली रिकामी आणली असती, काका. ही भरलेली आहे."

म्हातारी खुदकन हसली. काकांनी तिच्याकडे बघितलं तशी ती पदार्थांवरच्या माश्या हाकलायला लागली.

"जी मुलगी लग्न करत नाही तिला घर नसतं," काका म्हणाले. आता आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, समजावल्यासारखा. "हे मी ठरवलेलं नाही, पोरी. माझ्या बापानंही नाही. तिला एकदा पूर्वजांत घेतलं तर ती कुणाच्या बाजूला बसणार? कुणाची बायको म्हणून? कुणाची आई म्हणून?"

"तिनं लग्न का नाही केलं, ते तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच भावाचा पाय दगडाखाली होता. तेव्हा तुमचे दोन्ही पाय धड होते, काका. कावड कुणी उचलली?"

हे मी बोलायला नको होतं कदाचित. पण बोलले. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

काकांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे काढले. हाताळून हाताळून काळे, गुळगुळीत झालेले.

"माझं नको ऐकूस," ते म्हणाले. "त्यांना विचारू. कौल लावू. एक उपडा, एक उताणा पडला तर जा. मी आडवा येणार नाही. पण त्यांनी नाही म्हटलं तर गुपचूप घरी. कबूल?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी कबूल म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही. काकांनी तोच होकार धरला.

ते गुडघ्यावर बसले, डोळे मिटून पुटपुटले आणि तुकडे टाकले. दगडी ओट्यावर ते टाणकन उडाले. दोन्ही उताणे.

"हसतायत," काका म्हणाले. "अजून ठरत नाहीये त्यांचं."

दुसऱ्यांदा टाकले. दोन्ही उपडे. तिसऱ्यांदा टाकले. एक तुकडा ओट्याच्या कडेपर्यंत घरंगळत गेला, तोल धरून उभा राहिल्यासारखा झाला, आणि मग पालथा पडला. दोन्ही उपडे.

"नाही," काका म्हणाले. "दोनदा."

लहानपणापासून या दोन तुकड्यांनी आमच्या घरचं सगळं ठरवलंय. दादाचं लग्न, विहिरीची जागा, बाबांच्या कबरीची दिशा. त्यांनी नाही म्हटलं की नाही. पण मी त्या अकरा माणसांच्या अक्षरांकडे बघितलं, दादानं नुकतीच भरलेली, ओली, लाल, आणि मला राग आला. देवाचा येतो तसा नाही. घरच्या माणसांचा येतो तसा.

"ठीक आहे," मी म्हणाले. "त्यांनी नाही म्हटलं. ऐकलं मी. आता ते त्यांच्या जागी, मी माझ्या. मी चालले."

"बीहुआन!" आई म्हणाली.

"त्यांना पटत नसेल तर त्यांनी स्वतः खाली यावं आणि कागद उचलून न्यावा. तिनं वाहिलेल्या दगडांवर बसलेत अकरा जण. उठू देत की एखाद्याला."

काकांचे ओठ पांढरे पडले. "आज खाली उतरलीस तर या घराचं दार तुला बंद. नववर्षाला नाही, सणाला नाही, कशालाच नाही. सगळ्यांसमोर सांगतोय."

मी आईकडे बघितलं. ती काही बोलेल म्हणून थांबले. तिनं मांडलेलं मांस टोपलीत भरायला घेतलं. सावकाश, एकेक. मग टोपली उचलून ती घराकडे निघाली. मागे न बघता.

दादाशेजारी रंगाचा डबा होता, त्यात ब्रश. मी वाकून दोन्ही उचलले. त्यानं हात पुढे केला नाही, आणि ओढूनही घेतले नाहीत.

खाणीच्या वाटेखालचा उतार काट्यांनी आणि नेच्यांनी भरलेला आहे. कोयता नव्हता, म्हणून मी पायांनी झुडपं आडवी करत उतरले. लुओलुओला एका काखेत घेतलं होतं. ती म्हणाली, "आई, तू मला पोत्यासारखी धरलीयेस." मी म्हटलं, "हो, अशीच नेतात आपल्याकडे."

आत्याचा दगड मी लगेच ओळखला. सिंहाच्या चौथऱ्यातून उरलेला तुकडा, एका कडेला अजून लाटेची अर्धी नक्षी. शेजारी कचेरीनं ठोकलेली खुंटी, तिच्यावर लाल आकडा, सतरा. गवत माझ्या कमरेएवढं. मी हातानं उपटायला लागले. लुओलुओनंही उपटलं, तिच्या वाट्याला बहुतेक फुलंच आली. जागा दिसायला लागली तेव्हा मी मटकन खाली बसले. इतकी लहान होती. दोन पाट्या मावतील एवढी.

मग मी ब्रश बुडवला.

चार अक्षरं. आत्या, मग आडनाव च्वांग, मग वांग, शी. शाळेत असताना माझं हस्ताक्षर कधी चांगलं नव्हतं, आणि दगडावर तर रंग पसरतो. पहिली रेघ काढली ती तिरकी गेली.

"आधी आडवी!" वरून आवाज आला.

मी मान वर केली. दादा खाणीच्या वाटेवर उभा होता. अगदी कडेला, बुटांची टोकं उताराबाहेर, पण पाऊल खाली टाकलेलं नाही.

"आधी आडवी काढ, मग उभी! आणि ब्रश सरळ धर, चमच्यासारखा काय धरलायस!"

त्याच्या मागून काकांचा आवाज आला, "तिला शिकवतोस काय, गाढवा?"

"काका, ती वाकडं लिहितेय," दादा म्हणाला. "उद्या लोक बघतील आणि म्हणतील, हे च्वांगांच्या कारखान्यातलं काम."

"मग बघू नकोस!"

"बघितल्याशिवाय राहवत नाही, काय करू? बीहुआन, रंग कमी घे! ओघळतोय! कडेला पुसून घे डब्याच्या!"

मी डब्याच्या कडेला पुसून घेतला. आधी आडवी, मग उभी. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते आणि नाकातून पाणी येत होतं, हाताला रंग लागलेला, म्हणून पुसताही येत नव्हतं. "मधे जागा सोड," तो ओरडला. "खालचं अक्षर मोठं करू नकोस, दाटी होईल." तिच्या नावाचं शेवटचं अक्षर झालं तेव्हा तो काही बोलला नाही. म्हणजे बरं आलं असावं.

मग मी डावीकडच्या ओळीत लिहिलं, भाची बीहुआन. आडनाव लिहिलं नाही. ल्याओही नाही, च्वांगही नाही.

"रंग पावसात जाईल," दादा वरून म्हणाला, हळू. पण वारा माझ्याकडे होता, ऐकू आलं.

"मग पुढच्या वर्षी भरीन. घराचं दार बंद केलंय, टेकडीचं नाही."

तो तिथेच उभा राहिला. पुढे आला नाही, गेलाही नाही. काकांच्या पावलांचा आवाज मात्र दूर जाताना ऐकू आला.

टोपलीतून मी पातळ पोळ्या काढल्या, भाजी काढली, शेंगदाण्याचा कूट काढला आणि दगडापुढे बसून एक गुंडाळली. फार भरलं की फाटते, हे तिनंच शिकवलेलं. तीन उदबत्त्या लावल्या. वाऱ्यात लागेनात, तेव्हा लुओलुओनं माझ्या कोटाचा आडोसा धरला. मग कागद. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, निळा. लुओलुओ खडे वेचून देत गेली आणि मी एकेका कागदावर दाबत गेले. मातीभर कागद झाले. वारा आला की ते एकदम फडफडायचे, पण उडायचे नाहीत. वरच्या वाटेनं परतणारी माणसं थांबून बघत होती. एकानं विचारलं, "कुणाचं आहे ते?" मी मोठ्यानं सांगितलं, "च्वांग वांगशीचं." तो पुढे गेला.

अंडी सोलायला घेतली. टरफलं मातीवर टाकली. लुओलुओनं एक अंडं खाल्लं, पिवळं माझ्या हातावर ठेवलं. नेहमीप्रमाणे. मग उरलेले कागद छातीशी धरून ती नेच्यांत शिरली. मी म्हटलं, लांब जाऊ नकोस, काटे आहेत.

"आई!"

मी वळून बघितलं. ती थोड्या खाली, एका खुंटीजवळ उभी होती. आकडा अठरा. तिनं गवत बाजूला सारलं होतं. गवताखाली एक उंचवटा होता, दगडसुद्धा नसलेला. तिथून खाली उतारभर खुंट्या होत्या, एकोणीस, वीस, एकवीस, नेच्यांतून डोकी काढलेल्या, खालच्या रस्त्यापर्यंत. एकावरही कागद नव्हता.

तिनं एक पिवळा कागद काढला, त्या उंचवट्यावर धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, ही कुणाची आत्या?"